वहीतली रेघ, अंगावरची रेघ

नमस्कार श्रोतेहो.

मी टॅटू काढते. म्हणजे, शिकते आहे. चार वर्षं झाली तरी 'शिकते आहे' असंच म्हणते, कारण गेल्या महिन्यात एका कामाने मला पुन्हा पहिल्या धड्यावर आणून बसवलं. त्या कामाकडे येतेच, पण आधी माझ्या वह्यांबद्दल.

सरावाच्या एकोणीस वह्या आहेत माझ्याकडे. पहिल्या तिन्हींत वाघ, कवट्या, गुलाब, पंख पसरलेली घुबडं. कुणी आलं की दाखवायच्या त्या ह्या. चौथीत नुसत्या रेघा. पानंच्या पानं उभ्या, आडव्या, कमानीसारख्या, मग वर्तुळं. ज्यांच्याकडे मी शिकते त्या दादांनी पहिल्या तीन वह्या चाळल्या, घुबडाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "आता हेच एका दमात काढून दाखव. पेन उचलायचं नाही, रेघेवर रेघ मारायची नाही." नाही जमलं. माझं घुबड उभं होतं ते खोडरबराच्या जिवावर.

अंगावर खोडरबर चालत नाही, हे कुणालाही कळतं. कळत नाही ते हे, की हाताचा वेग जरा चुकला तरी सुई चुगली करते. मशीनमध्ये सुई सेकंदाला साधारण शंभर वेळा वरखाली होते. हात घाईने सरकला तर रेघेऐवजी ठिपके पडतात, रेंगाळला तर कातडी सोलवटते. खोलीचंही तसंच. शाई बसायला हवी कातडीच्या दुसऱ्या थरात, म्हणजे जेमतेम एक ते दोन मिलिमीटर खाली. वरच्या थरात राहिली तर महिन्याभरात त्या थराबरोबरच गळून जाते. फार खाली, चरबीपर्यंत गेली, तर टिपकागदावर पसरावी तशी पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली उरते. आमच्यात तिला ब्लोआउट म्हणतात. त्यात मनगटाच्या आतली कातडी वेगळी, पाठीवरची वेगळी. एका जागी बसलेला हात दुसऱ्या जागी बसेलच असं नाही.

म्हणून ती रेघांची वही. रेघ बोटांनी ओढायची नाही, कोपरातून, खांद्यातून ओढायची, तीही पेनाला मशीनइतकं वजन बांधून.

गंमत म्हणजे या मशीनचा पूर्वज कागदासाठीच जन्मला होता. एडिसनने 1876 साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. ते पेन कागदाला बारीक भोकं पाडायचं आणि त्या भोकांतून शाई उतरवून एकाच मजकुराच्या अनेक प्रती निघायच्या. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली या टॅटू आर्टिस्टने त्याच कल्पनेवर 1891 साली टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. त्या पेनाला कागदावरून कातडीवर यायला पंधरा वर्षं लागली, तेव्हा चार वर्षांत मी काही फार मागे नाही, अशी मी माझी समजूत घालते.

कागद सपाट असतो, हीसुद्धा एक अडचणच. एकाला दंडावर अगदी काटेकोर वर्तुळ हवं होतं. मी त्याला झोपवून स्टेन्सिल लावलं. तो उठून आरशासमोर उभा राहिला आणि वर्तुळाचा झाला लंबगोल. नशीब, सुई लागलेली नव्हती. स्टेन्सिलची जांभळी रेघ पुसता येते. तेव्हापासून माणूस हात सैल सोडून उभा असतानाच स्टेन्सिल लावते, आणि सरावाचं अर्धं काम बाटलीभोवती कागद गुंडाळून करते. रंगीत चित्र असलं तर त्यावर पारदर्शक तपकिरी कागद धरून बघते. शाई कातडीच्या आत असते ना, तिचा रंग आपल्याला त्या माणसाच्या रंगातूनच दिसतो. कागदावर झगमगणारा पिवळा तिथे कधीकधी दिसतसुद्धा नाही.

अक्षरांचं काम सोपं, असं मला सुरुवातीला वाटायचं. एका मुलीला मनगटावर आजीच्या हस्ताक्षरातल्या चार ओळी हव्या होत्या, मुंगीएवढ्या. अंगावरची रेघ वर्षं जातील तशी थोडी जाडावते. 'ध' च्या डोक्यावरची फट बुजली की 'ध' चा 'घ' होतो, आणि मग धन वाचायचं की घन? मी तिला तीच अक्षरं जाड पेनाने, तेवढ्याच आकारात लिहून दाखवली. दहा वर्षांनंतरचा टॅटू म्हणा ना. तिने चारातली एक ओळ निवडली आणि ती मोठी करून घेतली. दुसऱ्या एकाला तर मी परतच पाठवलं. शस्त्रक्रियेचा व्रण होता, पाच महिन्यांचा, अजून लालसर. असा व्रण फिका पडून निबर व्हायला वर्षभर तरी द्यावं लागतं. तो जरा रागावूनच गेला.

आता ते गेल्या महिन्यातलं काम. एक काका आले. हातावर जुनं नाव, काळ्या शाईतलं, चार बोटं लांब. कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यावर त्यांना पांढरा बगळा हवा होता. लोकांना वाटतं, भिंतीवर नवा रंग द्यावा तसा टॅटूवर टॅटू देता येतो. तसं नाही. जुनी आणि नवी शाई एकाच थरात राहते, आणि गडद शाई फिकीला जुमानत नाही. मी म्हटलं, "काका, इथे बगळा बसणार नाही, कावळा बसेल." लेझरने आधी नाव फिकं करून घेतलं असतं तर पर्याय वाढले असते, पण त्याला बऱ्याच खेपा लागतात आणि काकांना तेवढा धीर नव्हता.

त्यांच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते नाव उतरवून घेतलं आणि त्यावर एकतीस चित्रं काढली. कावळ्याच्या पंखाची गडद पिसं नेमकी अक्षरांवर यायला हवीत, आणि मोकळी जागा, बारकावे, डोळ्यातली चमक हे सगळं नावापासून लांब, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिकडे जाईल. पंख मनगटापासून कोपरापर्यंत गेला. जुन्याच्या दुपटी-तिपटीने मोठं काढल्याशिवाय असं काम होत नाही. दोन बैठका झाल्या. काम संपलं तेव्हा नाव कुठेच दिसत नव्हतं.

महिन्याने काका आले. खपली गेली होती, वरच्या थरातली शाई गेली होती, आणि एका पिसाच्या फिकट दांड्यातून शेवटच्या अक्षराचा पाय डोकावत होता. तो दांडा मीच हौसेने फिका ठेवला होता. चित्र सुंदर दिसावं म्हणून! एकतिसावं चित्र निवडलं तेही त्याच दांड्यासाठी. दादांनी हात उजेडात धरून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "तिसावं कुठंय?"

तिसाव्या चित्रात तिथे दांडा नव्हता. एकावर एक चढलेली तीन गडद पिसं होती.

गुरुवारी काका पुन्हा येणार आहेत. ती तीन पिसं दांड्यावर आणून बसवायची आहेत, तीही नंतर डागडुजी केल्यासारखी न दिसता. त्यामुळे सध्या एकोणिसाव्या वहीत रोज सकाळी नुसती पिसं काढते आहे. एका दमात, पेन न उचलता. काल अठ्ठावीस काढली, त्यातली चार बरी आहेत.

नमस्कार.