माहिती गोळा केली जात आहे

(इंदूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित लेखी रूप)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

नोकरीच्या काळात सर्वांत जास्त वेळा लिहिलेले वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी लगेच सांगेन: "जानकारी एकत्रित की जा रही है." ज्यांच्या घरातले कोणी भोपाळला मंत्रालयात होते किंवा आहेत, त्यांना हे वाक्य ऐकताच हसू आले, हे मला इथून दिसते आहे. या वाक्याचे धाकटे भावंड म्हणजे "शेष प्रश्न उपस्थित नहीं होता." घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी ज्या इंदुरी मराठी माणसांची हयात गेली, त्यांतलाच मी एक. विधानसभेत आलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे करणे हे एका खात्यात बरीच वर्षे माझ्याकडे होते. खाते कोणते ते सांगत नाही. आमदार विचारतो आणि मंत्री उत्तर देतो, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या दोघांच्या मधे जो कारकुनी मजकूर असतो, तो लिहिणाऱ्याच्या बाजूने मी आज बोलणार आहे.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. सरकारला खर्चाचा जाब विचारण्याच्या आपल्याकडे दोन जागा आहेत. ज्या जागी मंत्री उभा असतो तिथे वह्या उघडलेल्या नसतात, आणि जिथे वह्या उघडल्या जातात तिथे मंत्री येत नाही.

पहिली जागा प्रश्नोत्तराच्या तासाची. हा तास आपल्याला सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मात्र अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा विचारताही येत नव्हते. अशा बांधलेल्या हातांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली अंदाजपत्रकावरचे आपले गाजलेले भाषण केले. लोक दुष्काळाने गांजलेले असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक उरते, ही सुबत्तेची खूण नसून कर गरजेपेक्षा जास्त असल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. म्हणजे 'पुन्हा विचारण्याचा' हक्क मिळवायला आपल्याला पाव शतकाहून अधिक काळ लागला. मी हे मुद्दाम सांगतो, कारण उत्तरे लिहिणाऱ्या माणसाला पहिल्या प्रश्नाची भीती कधीच वाटत नाही. भीती वाटते ती दुसऱ्याची.

आजचे लोकसभेचे नियम पाहा. रोज वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात. कमीत कमी पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा दूषणे नसावीत, आणि नुसते मत विचारू नये. हे नियम वाचून पुष्कळांना वाटते की सभासदाचे तोंड बांधले गेले. माझा अनुभव उलट आहे. ज्या प्रश्नात संताप असतो त्याचे उत्तर लिहायला दहा मिनिटे पुरतात, कारण संताप बाजूला काढला की प्रश्नात बहुधा काही उरत नाही. ज्या प्रश्नात तारीख, रक्कम आणि नोंदवहीचे नाव असते, त्या प्रश्नाने आमची रात्र जागवली आहे. पण तासाभरात वीसपैकी जेमतेम चार-पाच प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली गेली असे मानायचे, आणि त्यांवर उपप्रश्न नाही.

या तासाची ताकद काय असू शकते, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ च्या सप्टेंबरात स्थापन झाले, आणि वर्ष उलटायच्या आत त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. लोकसभेत याबद्दल आधी साधे प्रश्न आले आणि त्यांना गुळमुळीत उत्तरे मिळाली. त्या उत्तरांवरूनच पुढचे सगळे उभे राहिले. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी सभागृहात हा व्यवहार उलगडून दाखवला, आणि तेही सत्ताधारी बाकांवर बसून. न्यायमूर्ती छगलांच्या आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली. सचिवाने केलेल्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सव्वा कोटी ही रक्कम आज ऐकायला किरकोळ वाटते. पण या प्रकरणात मंत्री आणि वह्या एकाच वेळी लोकांसमोर आले, आणि तेही सभागृहात नव्हे, आयोगासमोर. याची पुनरावृत्ती आपल्याकडे फार कमी वेळा झाली.

आता पैशाकडे येतो. आपण इंदूरची माणसे, होळकरांच्या राज्यात 'खासगी' (राजघराण्याचा स्वतःचा) आणि 'दौलत' (राज्याचा) असे दोन वेगळे हिशेब होते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. अहिल्यादेवींच्या घाटांची आणि देवळांची कामे खासगीतून झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. आजच्या राज्यघटनेत मंत्र्याला खासगी नाही. सगळा पैसा एकत्रित निधीतला, म्हणजे सरकारच्या सामाईक तिजोरीतला, आणि कायद्याने मंजुरी मिळाल्याखेरीज त्यातला एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. विधानसभेपुढे खात्याची मागणी येते तेव्हा सभागृहाला ती मंजूर करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता येत नाही. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी कपात सूचना द्यायची, एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शंभर रुपयांची. शंभर रुपयांच्या या सूचनेवर तरुण आमदार हसतात. पण तिच्या आधारावर खात्याच्या संपूर्ण कारभारावर बोलता येते, आणि असे बोलणारे मी पाहिले आहेत.

वेळ संपला की मात्र गिलोटीन पडते, म्हणजे ज्या मागण्यांवर चर्चा झालेली नाही त्या सगळ्या एकदम मतास टाकल्या जातात. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळ चालू असताना वित्त विधेयक आणि खात्यांच्या मागण्या चर्चेविना संमत झाल्या. त्या वेळी अध्यक्षपदी आपल्या सुमित्राताई महाजन होत्या, ज्यांना आपल्या शहराने १९८९ पासून आठ वेळा निवडून दिले. मी दोष ताईंना देत नाही. सभागृह चालत नसेल तर ३१ मार्चपूर्वी सरकारचा खर्च मंजूर करून घेण्यावाचून अध्यक्षाला पर्याय राहत नाही. मला आश्चर्य वाटते ते याचे, की सभागृह बंद पाडणाऱ्यांना आपण सरकारला कोंडीत पकडले असे वाटत होते. खात्यातल्या माणसांना अशा दिवशी काय वाटते, ते मला विचारा. आम्ही चहा मागवतो.

दुसरी जागा लोकलेखा समितीची. आपल्याकडे ही समिती १९२१ पासून आहे, आणि १९६७ पासून संसदेत तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल पटलावर आला की समिती त्यातले परिच्छेद घेते आणि सचिवांना साक्षीला बोलावते. तिथली विचारपूस सभागृहातल्यासारखी नसते. कॅमेरे नसतात, पक्षाच्या घोषणा नसतात, पुढ्यात कागद असतात. आणि जे आमदार सभागृहात गळा काढतात तेच इथे शांतपणे विचारतात की पान अमुक वरची बेरीज जुळत का नाही. एवढे सगळे असूनही या समितीपुढे मंत्र्याला बोलावले जात नाही. संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या, त्या मागण्या तपासतात, पण तिथेही साक्षीला सचिवच येतात. ज्यांच्या नमुन्यावर आपण हे सारे उभारले, त्या ब्रिटनमध्ये १९७९ पासून खातेनिहाय निवड समित्या आहेत, आणि तिथे मंत्री स्वतः, शेजारी अधिकारी घेऊन, समितीपुढे बसतो आणि तासदोन तास प्रश्नांना तोंड देतो. त्याच्याकडे सुटकेसाठी घड्याळ नसते. आपल्याकडचा युक्तिवाद असा की मंत्री सभागृहाला जबाबदार आहे, समितीला नाही. युक्तिवाद घटनेच्या दृष्टीने सुबक आहे. फक्त त्याचा परिणाम असा होतो, की धोरण ठरवणारा एकीकडे आणि आकडा समजावून सांगणारा दुसरीकडे.

याचे उदाहरण माझ्याच टेबलावरून गेले आहे. एका आमदारांनी प्रश्न विचारला की अमुक जिल्ह्यातील छात्रावासांसाठी (म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी) गेल्या वर्षी किती ब्लँकेटे खरेदी केली आणि त्यावर किती खर्च झाला. जिल्ह्यातून आकडे आले नव्हते. मी ते सुरुवातीला सांगितलेले वाक्य लिहिले. हे वाक्य म्हणजे पळवाट आहे असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. संसदेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे, आणि माहिती गोळा करून पटलावर ठेवू असे मंत्र्याने सभागृहात म्हटले की ते आश्वासन धरले जाते. तीन महिन्यांत ते पुरे करावे अशी अपेक्षा असते. आमच्याकडेही पुढच्या अधिवेशनापर्यंत माहिती गोळा झाली. ब्लँकेटे "क्रय की गईं" (म्हणजे खरेदी केली), संख्या इतकी, रक्कम इतकी, "विवरण परिशिष्ट अनुसार". उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता.

जिल्ह्याच्या कार्यालयातील बाबूंशी मी तेव्हा एसटीडीवर बोललो होतो. ते आकडे सांगत होते, मी पेन्सिलीने उतरवत होतो. शेवटी ते सहज म्हणाले, "साहब, क्रय ही लिखिएगा, प्राप्त मत लिखिएगा." मी तसेच लिहिले. पैसे ३१ मार्चला गेले होते. माल नंतर यायचा होता. वर्षाच्या अखेरीस घाईघाईने खर्च करणे हा आर्थिक औचित्याचा भंग होय, असे केंद्राच्या वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तरीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागाराच्या खिडकीवर काय गर्दी असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या नियमाचे काय होते हे सांगायला नको.

ते आमदार काही मोठे वक्ते नव्हते. पण त्यांच्या गावात छात्रावास होता, आणि मुले थंडीत कशात झोपतात हे त्यांना ठाऊक होते. तिसऱ्या अधिवेशनात त्यांचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी चार भाग होते: देयकाचे भुगतान (बिलाचे पैसे देणे) कोणत्या तारखेस झाले, भांडार पंजीत (साठ्याच्या नोंदवहीत) नोंद कोणत्या तारखेस झाली, दोन्ही तारखांमध्ये अंतर असल्यास त्याचे कारण काय, आणि गेल्या हिवाळ्यात छात्रावासात वाटपासाठी एकही ब्लँकेट उपलब्ध नव्हते हे खरे आहे काय. 'क्रय' आणि 'प्राप्त' या दोन शब्दांच्या मधली जागा त्यांनी बरोबर हेरली होती. पंजी मागवली. तारखा लिहिल्या. चौथ्या भागाचे उत्तर, मी आयुष्यात लिहिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत लहान, असे होते: "जी हाँ."

त्या दिवशी हा प्रश्न यादीत बराच खाली होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तास संपला. उत्तर छापील कागदावर पटलावर गेले. उपप्रश्न झाला नाही. मंत्रिमहोदयांना ते दोन शब्द उच्चारावे लागले नाहीत, आणि उच्चारताना त्यांचा चेहरा कसा झाला असता हे पाहण्याची माझी इच्छा अपुरी राहिली.

पण छापील कागद कोणीतरी वाचतो. पुढे लेखापरीक्षणाच्या पथकाने तीच पंजी मागितली, अहवालात परिच्छेद आला, आणि आणखी काही वर्षांनी तो लोकलेखा समितीपुढे निघाला. सचिव साक्षीला बसले. तेही नवे होते, घटनेच्या वेळी दुसऱ्याच जिल्ह्यात कलेक्टर होते. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर फायली घेऊन बसलो होतो. एका सदस्याने विचारले, त्या वेळी ही खरेदी मार्चपर्यंत लांबवण्याचा निर्णय कोणाचा होता? सचिवांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी फाईल पुढे केली, तिच्यात टिपणीवर मंत्र्यांची सही होती. सदस्यांनी सही पाहिली आणि फाईल परत दिली. मंत्रिमहोदय तोवर दुसऱ्या खात्यात गेले होते, आणि त्यांना या खोलीत बोलावून विचारायचे म्हटले, तर नियमाप्रमाणे तो प्रश्न उपस्थितच होत नव्हता.