नरसोबाच्या वाडीला जेवायचं कुठे? आधी घड्याळ बघा

नमस्कार मंडळी. मी आत्ता नृसिंहवाडीच्या, म्हणजे दत्ताच्या या नरसोबाच्या वाडीच्या, घाटावर बसलोय. ही समोर कृष्णा, आणि तिकडून येऊन मिळते ती पंचगंगा. सांगलीहून वीस-बावीस किलोमीटर, कोल्हापूरहून साधारण 45. सुट्टीत इकडे येणारे बहुतेक जण मला एकच विचारतात, "वाडीत चांगलं हॉटेल कुठलं?"

माझं ठाम मत सांगतो. वाडीत हॉटेल शोधू नका, घर शोधा. आणि तेही सकाळीच.

इथं देवळाच्या आसपास पुजाऱ्यांच्या घरी जेवणाची सोय होते. आल्या आल्या, दर्शनाच्या रांगेत उभं राहायच्या आधी जाऊन सांगायचं. ते विचारतात, "किती पानं?" म्हणजे किती माणसं. तुम्ही सांगितलेल्या पानांपुरताच स्वयंपाक होतो, म्हणून आकडा नीट सांगा. उगाच दोन पानं जास्त सांगून ती वाया घालवू नका.

मी पहिल्यांदा आईला घेऊन आलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. दर्शन झालं, घाटावर निवांत बसलो, आणि तीन वाजता जेवण शोधायला निघालो. सगळीकडे भांडी घासून झाली होती. आईचा उपास नव्हता, पण तिला चहा-बिस्किटांवर राहावं लागलं. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून हा व्हिडिओ.

वाडीचं जेवण दुपारचं. देवाची महापूजा, नैवेद्य, मग पंगत. देवस्थानचा महाप्रसादही दुपारीच असतो. तिथं पौर्णिमेला आणि गुरुवारी रांग मोठी असते, लहान मुलं बरोबर असतील तर तेवढा वेळ धरून चला. रात्री साधं काहीतरी मिळतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

(दृश्य: वाढलेलं पान, जवळून)

आता पानात काय आहे बघा. वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. आणि ही वांग्याची भाजी. हिच्याकडे जरा थांबा. पूर ओसरला की नदीकाठाला गाळ राहतो, त्याला इकडे मळी म्हणतात. त्या मळीतलं वांगं हे. साल पातळ, बिया कमी, आणि शिजल्यावर असं लोण्यासारखं होतं. बोटानं दाबलं तरी देठापासून सुटतं. कृष्णाकाठचा माणूस पुण्या-मुंबईत राहायला गेला की त्याला तिथली वांगी आवडत नाहीत, ते याच्यामुळे. भरीत मिळालं तर भाकरीबरोबर घ्या, चपाती बाजूला ठेवा.

आणि घेवड्याची भाजी असेल तर ती टाकू नका. गुरुचरित्राच्या 18व्या अध्यायात ही कथा आहे. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती भिक्षेला एका गरीब ब्राह्मणाच्या घरी गेले, घरात वाढायला घेवड्याच्या शेंगांशिवाय काही नव्हतं. त्यांनी त्याच शेंगा खाल्ल्या आणि जाताना दारातला वेल उपटून टाकला. घरची बाई रडायला लागली, रोजचं पोट त्या वेलावर होतं. नवरा मूळ काढायला गेला तर खाली धनानं भरलेला कुंभ. तेव्हापासून दत्ताच्या नैवेद्यात घेवड्याला मान. त्याच संगमाकाठी बसून ती भाजी खाताना मला दरवेळी त्या बाईची आठवण येते.

आता गोड. वाडी म्हणजे बासुंदी. हा दुधाचा पट्टा आहे, गोठा नसलेलं शेत इथं कमीच. दूध रुंद कढईत मंद आचेवर आटत राहतं, कडेची साय सारखी आत ढकलायची, खाली लागू द्यायचं नाही. साखर अगदी शेवटी. नीट आटलेल्या बासुंदीला स्वतःचा फिकट बदामी रंग येतो. भडक पिवळी दिसली तर मी पुढच्या दुकानात जातो. आधी वाटीभर तिथंच उभं राहून खा, पटली तर बांधून घ्या. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला मात्र नेऊ नका, नासते. त्यापेक्षा पेढे न्या. "आजचे आहेत का?" असं सरळ विचारा, दुकानदाराला राग येत नाही.

कवठाची बर्फीसुद्धा घ्या. आंबट-गोड, कवठाचा तो उग्र वास जिभेवर मागाहून येतो. मुलांना पहिल्या घासाला आवडत नाही, दुसऱ्याला डबा मागतात.

मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा इथं शोधू नका, हे तीर्थक्षेत्र आहे. तो कोल्हापूरला पोचल्यावर.

पावसाळ्यात येणार असाल तर आधी फोन करून पाण्याची चौकशी करा. पाणी चढून देवळातल्या दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तो दक्षिणद्वार सोहळा बघायला लोक धावत येतात, आणि ते बघण्यासारखंच असतं. पण त्यापुढे पाणी वाढलं की दुकानं, चुली, सगळंच वर हलवावं लागतं. 2019 ला या शिरोळ तालुक्यानं काय सोसलंय ते आपण पाहिलंय. अशा वेळी जेवणाची अपेक्षा घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका.

परतताना जयसिंगपूरवरून जात असाल तर गाडी थांबवा आणि भडंग घ्या, लसूण जास्त असलेलं. मी दोन पुड्या घेतो, एक घरी पोचेपर्यंत संपते.