सिग्नलला डोकं आहे, मग रिकाम्या रस्त्याला हिरवा का देतो?

नमस्कार मंडळी. असं बघा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, तुम्ही चौकात लाल सिग्नलला थांबलायत, आणि डावीकडच्या गल्लीत चिटपाखरू नाही तरी हिरवा तिलाच मिळालाय, वीस सेकंद झाले, तीस झाले, संपायचं नावच घेत नाही. अशा वेळी आपण चिडून म्हणतो की या सिग्नलला काही अक्कल आहे का. तर अक्कल असू शकते, फक्त त्याचा एक डोळा गेलेला असू शकतो.

आज मला त्या डोळ्याबद्दलच बोलायचंय. कारण इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टीम, म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मदतीने रहदारी सांभाळणं, हा विषय काढला की सगळे थेट ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांवर आणि एआयवर जातात, आणि या सगळ्याचा पाया डांबराच्या दोन-तीन इंच खाली आहे तो राहूनच जातो.

पुढच्या वेळी स्टॉप लाइनजवळ रस्ता नीट बघा. काही चौकांत तुम्हाला एक चौकोनी चीर दिसेल, काळ्या सीलने भरलेली, आणि तिच्यापासून एक सरळ रेघ कडेला गेलेली. हा लूप डिटेक्टर, म्हणजेच सिग्नलचा डोळा. कटरने डांबरात खाच पाडतात, साधारण सहा फूट बाय सहा फूट, त्यात वायरचे दोन-चार वेढे टाकतात आणि वरून बुजवून टाकतात, बस एवढंच. त्या वेढ्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट फिरत असतो. वरून गाडी आली की तिच्या बुडाच्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे करंट (एडी करंट) तयार होतात, त्यामुळे वेढ्यांचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला अडवायचा गुण, कमी होतं, करंटची दिशा बदलायची गती (फ्रिक्वेन्सी) जराशी वाढते आणि कडेच्या पेटीतल्या कार्डला कळतं की कोणीतरी आलं. बऱ्याच जणांना वाटतं की तो गाडीचं वजन मोजतो, पण वजनाचा इथे काही संबंधच नाही. धातू वायरच्या जवळ यायला हवा, म्हणून सायकलवाल्यांनो, लूपच्या मधोमध थांबू नका, चाकं त्या चिरेवर येतील असे थांबा, सिग्नलला तुम्ही दिसण्याची शक्यता खूप वाढते.

आता कोणीतरी पाइप टाकायला रस्ता खणला आणि ती वायर तुटली. मग कडेच्या पेटीतल्या, दिवे बदलणाऱ्या कंट्रोलरने काय करायचं? त्याने जर धरलं की तिथे कोणीच नाही, तर त्या गल्लीतून खरोखर आलेला माणूस रात्रभर लालला उभा राहील. म्हणून सहसा अशी सोय असते की डिटेक्टर गेला की तिथे कायम गाडी उभी आहे असं समजायचं. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण मग रिकाम्या गल्लीला प्रत्येक फेऱ्यात हिरवा मिळतो, तोही पुरेपूर, आणि तुम्ही समोर बसून वैतागता.

या क्षेत्रातलं संशोधन फार चांगलं आहे हो, मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. ब्रिटनमध्ये वेब्स्टर नावाच्या संशोधकाने १९५८ साली सिग्नलचा एक फेरा किती सेकंदांचा असावा याचं सूत्र दिलं. वाया जाणारा वेळ घ्या, म्हणजे पिवळ्याचे आणि गाड्या हलायला लागतात ते सेकंद, त्याची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि चौकाची जेवढी क्षमता अजून शिल्लक आहे त्याने भागा. समजा फेऱ्यात १० सेकंद वाया जातात. चौक अर्धा भरलेला असेल तर ०.५ ने भागून उत्तर येतं ४० सेकंद, ८० टक्के भरला तर १०० सेकंद, आणि ९० टक्क्यांना थेट २००! म्हणजे चौक भरत आला की कितीही हुशार अल्गोरिदम लावा, त्याच्याकडे वाटायला काही उरतच नाही. स्मार्ट सिग्नलने ट्रॅफिक जाम संपेल असं कोणी छातीठोक सांगितलं तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कूट आली, म्हणजे रहदारी बघून सिग्नलचं टायमिंग आपोआप बदलणारी सिस्टीम, ग्लासगोमध्ये तिच्या चाचण्या झाल्या, आणि तिकडे सिडनीत तशीच स्कॅट्स तयार झाली. दोन्ही सिस्टीम आजही अनेक देशांत चालतात. स्कूटचे लूप चौकाच्या बरंच मागे असतात, म्हणजे गाड्या चौकात पोचायच्या आधीच तिला कळतं की घोळका येतोय, आणि मग ती हिरवा फक्त थोडे थोडे सेकंद मागेपुढे करते, एकदम उलथापालथ करत नाही. स्कॅट्स स्टॉप लाइनपाशी बघते. याची गरज का पडली? तर एकदा ठरवून दिलेलं टायमिंग शिळं होतं, रहदारी बदलत जाते आणि त्या टायमिंगचा फायदा दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी झिजतो असं ब्रिटनच्या अभ्यासातून दिसलं होतं. पण बघा हं, या दोघींचा जीव त्या वायरमध्येच अडकलाय. डोळे गेले की स्कूटसुद्धा हळूहळू साध्या ठरावीक टायमिंगवर येते.

आणि काही गोष्टी तर रस्त्यावर येतच नाहीत. १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या हायवेवर आठ गाड्या एकामागोमाग अगदी जवळून आपल्या आपण चालवून दाखवल्या होत्या, रस्त्यात लोहचुंबक पुरलेले आणि गाड्या त्यांच्या आधाराने लेनमध्ये राहायच्या. डेमो यशस्वी झाला. पण सगळ्या हायवेंमध्ये चुंबक कोण पुरणार, आणि ते पुरल्याशिवाय तशी गाडी विकत कोण घेणार? मग १९९९ मध्ये अमेरिकेत गाड्यांनी एकमेकांशी रेडिओवर बोलावं म्हणून ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला, पुढची गाडी करकचून ब्रेक मारतेय हे मागच्या गाडीला आधीच कळावं म्हणून. वीसेक वर्षं चाचण्या झाल्या, आणि २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापराकडे वळवायचं ठरलं. इतक्या लोकांचं काम असं अडकलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं. तंत्र चालत नव्हतं असं नाही. दहातल्या एका गाडीत रेडिओ असेल तर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर दोघींकडे तो असण्याची शक्यता शंभरात एक! पहिल्यांदा जो पैसे खर्च करतो त्याला जवळपास काहीच मिळत नाही.

याउलट बसला प्राधान्य देणारा सिग्नल घ्या. बस येतेय कळलं की हिरवा काही सेकंद लांबवायचा. एका बसवर आणि एका चौकात लावलं तरी त्या बसमधल्या चाळीस माणसांना त्याच दिवशी फायदा.

किंवा मग स्वीडनच्या स्टॉकहोमसारखं करायचं. तिथे २००६ मध्ये ३ जानेवारी ते ३१ जुलै अशी शहरात शिरण्या-निघण्यावर वेळेनुसार शुल्क घ्यायची चाचणी केली, आणि त्याआधीच जादा बस सुरू केल्या. हद्दीवरची रहदारी साधारण एक पंचमांशाने घटली. चाचणी थांबली तशी ती बरीचशी परत वाढली, आणि ते लोकांनी डोळ्यांनी बघितलं. आधी विरोध होता, पण सप्टेंबरच्या मतदानात शहराने हो म्हटलं आणि २००७ मध्ये ते कायमचं झालं. मला ही चाचणी फार आवडते, कारण ती अख्ख्या शहरात एकदम केली, शेवटची तारीख आधी जाहीर केली, आणि मोजमाप आधी, चालू असताना आणि नंतर असं तिन्ही वेळा केलं.

बरं, तो रात्रीचा चौक. पुढच्या वेळी तिथे सुरक्षित कडेला थांबा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चार-पाच फेरे मोजा, प्रत्येक बाजूचा हिरवा किती सेकंद. सगळ्यांचे आकडे दर फेऱ्याला तेच आले तर सिग्नल ठरावीक टायमिंगचा आहे, त्याला डोळेच नाहीत किंवा ते बंद ठेवलेत. पण बाकीच्या बाजू कमी-जास्त होतायत आणि ही एक रिकामी गल्ली प्रत्येक वेळी पूर्ण वेळ खातेय असं दिसलं, तर तक्रार करताना नुसतं "सिग्नल खराब आहे" असं लिहू नका. या बाजूचा डिटेक्टर सतत गाडी असल्याचं दाखवतोय असं लिहा, वेळ टाका, मोजलेले सेकंद टाका. मग जो माणूस दुरुस्तीला येईल तो दिवे बघून परत जाणार नाही, खाली वाकून ती चीर तपासेल.