टॉन्सिल्स, शस्त्रक्रिया आणि होमिओपॅथीच्या गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाचा घसा वर्षातून चारपाच वेळा सुजू लागला, दर वेळी ताप चढू लागला आणि शाळा बुडू लागली की घरात एक प्रश्न हमखास निघतो: टॉन्सिल्स काढून टाकावेत, की होमिओपॅथीच्या गोळ्यांनी भागेल? शस्त्रक्रियेची धास्ती घेतलेल्या आईवडिलांना त्या गोड गोळ्यांचा मार्ग जवळचा वाटतो, आणि ओळखीपाळखीत कोणा ना कोणाच्या मुलाचे ऑपरेशन अशा गोळ्यांमुळे टळल्याचे उदाहरणही सापडते. या प्रश्नावर आज सविस्तर बोलावेसे वाटते, कारण येथे होणाऱ्या गफलतीची किंमत कधीकधी मुलाच्या हृदयाला मोजावी लागते.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या या गाठी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा भाग आहेत. लहान वयात त्या बऱ्याच मोठ्या दिसतात आणि वयात येण्याच्या सुमारास आक्रसू लागतात. त्यामुळे नुसते मोठे दिसणारे टॉन्सिल्स म्हणजे आजार नव्हे. शिवाय मूल वाढते तसे घसा सुजण्याचे प्रमाणही बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे.

ऑपरेशनबद्दलची शंका अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमधील १००० शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्या २१५ मुलांना तिची गरज नाही असे ठरले, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा त्यांनी ९९ जणांना ती सुचवली. मग राहिलेल्या ११६ मुलांची तिसऱ्यांदा तपासणी झाली आणि आणखी ५१ नावे निघाली. मुले तीच आणि घसेही तेच, तरी दर फेरीत जवळजवळ निम्मी मुले शस्त्रक्रियेला पात्र ठरत गेली. निश्चित निकष नसले की काय होते, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

असे निकष पुढे आले ते पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांच्या कामातून. त्यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर त्याचाच आधार घेतला जातो. घसादुखीसोबत १०१ अंशांच्या वर ताप, मानेतील गाठींची सूज, टॉन्सिल्सवर पांढरा पू किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतूची चाचणी होकारार्थी येणे, यांपैकी काहीतरी असेल तरच तो झटका मोजायचा. असे झटके एका वर्षात ७, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ आले, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षे निश्चित फायदा झाला, परंतु ज्यांची शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांच्यापैकीही अनेकांना पुढे थोडेच आणि सौम्य झटके आले. म्हणजे निकषात न बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत लक्ष ठेवून थांबणे हाच शास्त्रशुद्ध सल्ला ठरतो.

आता होमिओपॅथीकडे वळू. टॉन्सिल्ससाठी बेलाडोना, मर्क सॉल, हेपर सल्फ, बॅराइटा कार्ब ही औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. ३० पोटन्सी म्हणजे मूळ द्रव्य शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली असते, आणि अशा औषधात मूळ द्रव्याचा एक रेणूही शिल्लक राहण्याची शक्यता व्यवहारात शून्य असते. तरीही एखादा उपचार गुण देतो की नाही, याचा निवाडा तो रुग्णांवर तपासूनच करावा, असे माझे मत आहे, आणि तशी तपासणी झालेली आहे. नेदरलँड्समध्ये वारंवार सर्दी आणि घशाचे विकार होणाऱ्या सुमारे पावणेदोनशे मुलांवर झालेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाची प्रकृती पाहून औषध निवडले होते. मात्र निम्म्या मुलांना खऱ्या औषधाऐवजी तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. दोन्ही गटांतील मुले सुधारली, दोन्ही गटांत अँटिबायोटिक्स कमी लागली आणि टॉन्सिल्स काढावे लागण्याचे प्रमाणही दोन्हीकडे सारखेच राहिले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही. ओळखीतल्या मुलाचे ऑपरेशन टळले हे खरेच असेल, पण ते टाळले काळाने आणि आईवडिलांच्या धीराने.

मग गोळ्या घेत थांबले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात बरी होते. त्या मुलांचे काहीच बिघडत नाही. मात्र काही मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू असतो. त्यावर उपचार न झाल्यास दोनतीन आठवड्यांनी रुमॅटिक फीव्हर येऊ शकतो, सांधे दुखू लागतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक असतो आणि आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा १० दिवसांचा पूर्ण कोर्स तो टाळतो. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध सोडणारी घरे तो धोका अंगावर ओढवून घेतात.

तोंड उघडता न येणे, लाळ गळणे, थुंकीही गिळता न येणे, आवाज घोगरा होऊन दुखणे एकाच बाजूला वाढणे, ही टॉन्सिलजवळ पू साचल्याची लक्षणे आहेत; अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत मध्येच श्वास अडकणाऱ्या मुलाचा विचारही वेगळा करावा लागतो. त्याच्या बाबतीत झटक्यांची संख्या पाहत नाहीत आणि शस्त्रक्रिया बहुधा हिताचीच ठरते. भूल आणि नंतरचा रक्तस्राव हे शस्त्रक्रियेतले खरे धोके आहेत. रक्तस्राव पहिल्या दिवशी, तसाच पाच ते दहा दिवसांनीही होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावरही मुलावर लक्ष ठेवावे.

निर्णय घेण्यापूर्वी एक वही करा. प्रत्येक झटक्याची तारीख, थर्मामीटरने मोजलेला ताप, कोणते औषध किती दिवस दिले आणि शाळा किती दिवस बुडाली, हे तिच्यात लिहा. मूल घोरत असेल तर त्याच्या झोपेचे चित्रण मोबाइलवर करून ठेवा. ही वही घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलात, तर त्यांना निकष लावता येतील, आणि अजून सहा महिने थांबून पाहू, असे उत्तर मिळण्याची शक्यताही बरीच असते.

नमस्कार.