रॉजर वॉर्ड: एकाच गिअरवर घडलेला शर्यतपटू

मंडळी, रॉजर वॉर्ड म्हटलं की १९५९ आणि १९६२ चे इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या पाचशे मैलांच्या शर्यतीतले विजय आठवतात. पण हा माणूस घडला मिजेट नावाच्या छोट्या शर्यतगाड्यांमध्ये. महायुद्धात लढाऊ वैमानिक होता, १९४६ पासून मिजेट चालवू लागला.

मिजेट म्हणजे जेमतेम चारशे किलोंची, उघड्या चाकांची गाडी. गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही. दुसऱ्या गाडीने मागून ढकलून सुरू करायची. शर्यतीआधी ठरवलेलं एकच गिअर गुणोत्तर (इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरेल ते प्रमाण) शेवटपर्यंत चालवायचं. ते बदलायचं तर मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण उघडून तेल निथळू द्यायचं, दोन गिअरांची जोडी काढून दुसरी बसवायची आणि पुन्हा तेल भरायचं. गुणोत्तर वेगासाठी धरलं तर वळणातून निघताना गाडी मरगळते. ओढीसाठी धरलं तर सरळ रस्त्यावर इंजिन लवकरच कमाल फेऱ्यांना पोचतं. तरी ताणलं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, तुटतो.

त्या काळी मिजेटमध्ये ऑफेनहाउझर इंजिनाचं राज्य होतं: चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). १० ऑगस्ट १९५० ला लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियममध्ये वॉर्डने गाडीमालक व्हिक एडलब्रॉकच्या फोर्ड व्ही-८ ६० इंजिनाच्या गाडीने ऑफेनहाउझरची विजयमालिका तोडली. कारखान्यातून अवघ्या साठ अश्वशक्तीचं निघणारं, बाजूच्या व्हॉल्व्हचं हे इंजिन! गंमत इंधनात होती: त्यात नायट्रोमिथेन हे रसायन होतं. नायट्रोमिथेनमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४, नायट्रोमिथेनला जेमतेम १.७. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं. पण कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रं, त्या मानाने मोठे हवेतच. मिश्रणात इंधन कमी पडलं तर इंजिन ठोके देतं आणि पिस्टन वितळतो. दुसऱ्या रात्री ऑरेंज शो स्टेडियमवरही हीच जोडी जिंकली.

१९५१ मध्ये वॉर्ड एएए या अमेरिकन मोटार संघटनेचा स्टॉक कार (साध्या मोटारींवरून बनवलेल्या शर्यतगाड्या) विजेता झाला. तिथे गाड्या जड, डावीकडे वळताना सर्वांत जास्त भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. ते चाक जपावंच लागतं.

जुलै १९५९ मध्ये अमेरिकेतल्या लाइम रॉकच्या सुमारे अडीच किलोमीटरच्या वळणदार रस्त्यावर त्याने ऑफेनहाउझर मिजेटने मासेराती २५०एफ आणि अ‍ॅस्टन मार्टिन या महागड्या युरोपीय शर्यतगाड्यांना हरवलं. डिसेंबरात अशीच गाडी, दोन गिअरची सोय करून, फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या अमेरिकन ग्रां प्रीत, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतीत, उतरवली. ते सर्किट सव्वाआठ किलोमीटरहून लांब, विमानतळाच्या धावपट्ट्यांचं. हलकेपणाचा फायदा वळणात मिळतो, पण वळणं दूर दूर असली तर तो सरळ रस्त्यावरच हरवतो. ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसची सरावफेरी ३ मिनिटांची, वॉर्डची ३ मिनिटं ४३.८ सेकंदांची; विसाव्या फेरीनंतर क्लच गेला.

मला मात्र त्याची सर्वांत मोठी शर्यत १९६० ची इंडियानापोलिसची वाटते. प्रतिस्पर्धी जिम रॅथमनशी शेवटपर्यंत झुंज चालली होती. तीन फेऱ्या उरल्या असताना वॉर्डला उजव्या पुढच्या टायरचं रबर झिजून आतले धागे दिसले. त्याने वेग कमी केला आणि दुसरा क्रमांक घेऊन गाडी सुखरूप परत आणली.