तिथी पाहून पाखरं

पक्षी बघायला किती वाजता निघायचं, असं मला नेहमी विचारतात. जंगलात जायचं असेल तर उत्तर सोपं आहे, पहाटे निघा. मिठागरावर जायचं असेल तर मी उलट विचारतो, उद्या तिथी कोणती?

हसू नका. मी पहिल्यांदा भांडुपच्या मिठागरावर गेलो तो दत्तजयंतीचा दिवस होता. थंडी बरी होती, सहाच्या सुमारास बांधावर पोचलो. दोन तास चाललो. दिसलं काय, तर दोन टिटव्या आणि एक गायबगळा, तोही माझ्याकडे पाठ करून. बांधाला चिखल लावत असलेल्या एका म्हाताऱ्या आगऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आज पाखरं चिखलावर आहेत. बारा वाजता या." बस्स, एवढंच.

त्याचं गणित आपल्या किनाऱ्यावर जुनं आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा, नाहीतर बारापर्यंत. मग सकाळी सहाला ओहोटी, आणि उधाणाची ओहोटी म्हणजे ठाण्याच्या खाडीतला चिखल पार लांबवर उघडा. त्या चिखलात किडे, शंख, खेकडे असं जेवण वाढलेलं असताना पाखरं मिठागरावर कशाला येतील? भरती चढली, ताट पाण्याखाली गेलं, की ती कोरड्या बांधावर आणि उथळ वाफ्यांत येऊन थांबतात. आपण येतो तेव्हा ती निम्मी विश्रांतीला, निम्मी उरलंसुरलं वेचायला आलेली असतात.

म्हणून माझी आवडती तिथी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. अष्टमीच्या भांगेपेक्षा, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीपेक्षा, पाणी जास्त चढतं आणि वेळही सोयीची. आठ वाजल्यापासून खाडीकडून थवे सुटायला लागतात. आधी मोठे, लांब चोचींचे कोरल आणि मालगुजे. मग चिमुकल्या टिलव्यांचे थवे, धूर वळावा तसे वळणारे.

एक अडचण सांगतो. मुलुंड-भांडुपची मिठागरं खाडीच्या पश्चिमेला. गावाकडून गेलात तर ऊन थेट डोळ्यांत आणि पाखरं सगळी काळी. नवखे वैतागतात. मला वाटतं, शिकायला याहून चांगली शाळा नाही. रंग गेला की चोच आणि चाल उरते. उचाट्या वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, गवत कापल्यासारखी. शेकाट्या लांब पायांवर ताठ चालत एकेक किडा टिपतो. छोटा टिलवा थांबतच नाही, शिलाई मशीनच्या सुईसारखा टोचत राहतो. वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे खिशातल्या पाच-सहा नाण्यांएवढं. घरटं सैबेरियाकडच्या टुंड्रात. एकदा मी बांधाआड बसून होतो, तर एक टिलवा चार हातांवर आला. पंखावरच्या प्रत्येक पिसाची फिकट किनार दिसत होती, पायाला मिठाची पांढरी पुटं.

सगळे वाफे सारखे नसतात बरं का. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवतात, साधारण दहावा भाग उरला की मीठ धरायला लागतं. पहिल्या वाफ्यात मासे, म्हणून तिथे बगळे. मधल्यांत मासा टिकत नाही, बारीक कोळंबीसारखे जीव टिकतात. शेवटी मिठाचा थर आणि शुकशुकाट. थांबायचं ते मधल्या वाफ्यांजवळ.

आणि दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला तर दुर्बीण खाली ठेवा. तो बांधालगत खालून तरंगत येतो, आणि वाफ्यावरची सगळी पाखरं एकदम उठतात. त्या वेळी एका पाखराकडे बघत राहिलात तर बाकीचं सगळं हुकतं. पाच मिनिटांनी थवा त्याच वाफ्यात परत उतरतो. त्रयोदशीला अकराच्या पुढे मात्र उठला की उतरत नाही, खाडीकडे निघून जातो, कारण तिकडे चिखल उघडा पडायला लागलेला असतो.