मोजका डेटा आणि वसतिगृहातला टीव्ही

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे इंटरनेटचा डेटा बहुधा मोजकाच असतो. ऑनलाइन व्याख्याने, प्रकल्पांच्या फायली, घरच्यांशी व्हिडिओवर होणारे बोलणे हे सारे त्याच साठ्यातून भागवायचे असते, आणि दिवसभराच्या धावपळीनंतर तासभर एखादी मालिका किंवा सामना पाहावा ही इच्छाही काही गैर नसते. टीव्ही पाहूच नका, असा उपदेश करण्यासाठी मी आज आपल्यासमोर आलेलो नाही. डेटा नेमका कशामुळे संपतो हे नीट समजले, तर त्याच साठ्यात कितीतरी अधिक पाहता येते, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात हिशेबापासून करू. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने व्हिडिओ तासभर चालला, तर सुमारे 450 एमबी डेटा खर्च होतो, कारण आठ मेगाबिट मिळून एक एमबी होते. 480पी दर्जाचे, म्हणजे वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या 480 ओळींचे चित्र साधारण याच वेगात बसते. तोच कार्यक्रम 1080पी दर्जात, म्हणजे सेकंदाला 5 मेगाबिटच्या आसपास पाहिला, तर तासाला सव्वादोन जीबी लागतात. महिन्याला 30 जीबी मिळत असतील आणि ते सगळे टीव्हीवरच घालवायचे ठरवले, तर पहिल्या दर्जात पासष्ट तासांहून अधिक, आणि दुसऱ्या दर्जात जेमतेम तेरा तास पाहता येईल. एवढा फरक पडतो तो केवळ एका सेटिंगमुळे, आणि ते सेटिंग बहुतेक ॲपमध्ये ‘ऑटो’वर सोडलेले असते. असे सोडल्यावर ॲप मधूनमधून जोडणीचा वेग पाहते आणि त्या वेगाला झेपेल तेवढे चांगले चित्र मागवते. व्हिडिओचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो, म्हणून ही अदलाबदल आपल्या लक्षातही येत नाही. जोडणी वेगवान असली, तर डेटा चटकन संपतो तो यामुळेच. दर्जा आपल्या हाताने 480पीवर बांधून ठेवावा. हातभर अंतरावर धरलेल्या मोबाइलच्या पडद्यावर त्याने फारसे बिघडत नाही. लॅपटॉपवर थोडा फरक जाणवतो, पण तो सोसण्याजोगा असतो.

येथे एक बारकावा सांगायला हवा. सगळे कार्यक्रम सारखाच डेटा मागत नाहीत. व्हिडिओ लहान करण्याचे तंत्र मुख्यतः लागोपाठच्या चित्रांमधील साम्यावर चालते. निवेदक एका जागी बसून बातम्या वाचत असेल, तर मागची भिंत, टेबल, खांदे हे सारे जवळजवळ स्थिर असते आणि फक्त बदललेला भाग पाठवून भागते. सामन्यात मात्र कॅमेरा सतत फिरतो, खेळाडू धावतात, प्रेक्षकांची गर्दी हलते, म्हणून कमी डेटात पाठवलेले चित्र लगेच धुरकट होते आणि चेंडू दिसेनासा होतो. त्यामुळे बातम्या, मुलाखती आणि चर्चा अगदी कमी दर्जात पाहाव्यात आणि वाचलेला डेटा खेळासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. चर्चा नुसती ऐकायची असेल, तर केवळ आवाज देणारा पर्याय शोधावा. सेकंदाला 128 किलोबिट वेगाच्या आवाजाला तासाला साठ एमबीही लागत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण लिहिले, तिच्याकडे येतो. इंटरनेटवरून येणारा कार्यक्रम प्रत्येक यंत्राकडे स्वतंत्र प्रत होऊन येतो. एकाच मजल्यावर वीस जण आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलवर तोच सामना पाहत असतील, तर त्या वास्तूत तो सामना वीस वेळा उतरतो. वसतिगृहाचे वायफाय संध्याकाळी रडतखडत चालते आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. तेच वीस जण एका पडद्यासमोर बसले, तर डेटा एकाच प्रतीचा लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली दहा जण वाचत बसले म्हणून दिव्याला जास्त वीज लागत नाही, तसेच हे आहे. आणि मग ती एक प्रत उत्तम दर्जाची घेतली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडा खर्च येतो.

एकत्र पाहण्याचा आणखी एक फायदा सामन्याच्या वेळी कळतो. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण प्रत्यक्षाच्या मागे असते, कारण तुकडे तयार होऊन, साठवून मग दाखवले जातात. हे अंतर अर्ध्या मिनिटापर्यंतही जाते आणि ते प्रत्येक यंत्रावर वेगळे असते. म्हणून शेजारच्या खोलीत एकदम जल्लोष होतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. ती हुरहूर, तो अंदाज, सगळे हातचे जाते. एका पडद्यासमोर बसलेल्यांचा आनंद एकाच क्षणी उसळतो, आणि माझ्या लेखी हे डेटाच्या बचतीहून मोठे आहे.

मालिकांची गोष्ट वेगळी. त्यांना घाई नसते, म्हणून भाग आधी डाउनलोड करून ठेवावेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले वायफाय सकाळी मोकळे असते आणि त्याच्या नियमांत बसत असेल, तर हे काम तेथे उरकता येते. अनेक सेवांमध्ये डाउनलोड केलेला भाग ठरावीक मुदतीनंतर चालत नाही, तेव्हा पाहू तेवढेच उतरवावे. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आजच बंद करा, कारण डोळा लागल्यावरही ती डेटा जाळत राहते. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट देताना त्या जोडणीवर ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेली, अशी खूण करावी, म्हणजे संगणकाचे अद्यतन गुपचूप कित्येक जीबी ओढून घेत नाही.

एवढे सगळे केले तरी एक मार्ग उरतोच, आणि नव्या पिढीला तो जवळजवळ ठाऊक नाही. जेथे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल टीव्हीचे प्रक्षेपण होते, तेथे साध्या अँटेनाने आणि लॅपटॉपला लावायच्या छोट्या यूएसबी ट्यूनरने, म्हणजे हवेतल्या लहरींतून वाहिनी पकडणाऱ्या उपकरणाने, वाहिन्या दिसतात, आणि त्यासाठी डेटा लागत नाही. हवेतल्या लहरी कितीही जणांनी पकडल्या, तरी त्या कमी पडत नाहीत. 500 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी अँटेनाची लांबी सुमारे 30 सेंटिमीटर पुरते, म्हणजे तो खिडकीत सहज मावतो. तो कपाटामागे ठेवला, तर काँक्रीटची भिंत आणि लोखंडी गज लहरी अडवतात आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. डिजिटल प्रक्षेपणात चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत नाही, ते असते तरी स्वच्छ, नाहीतर असे तुकडे पडत लगेच नाहीसे होते. अँटेना खिडकीच्या काठावर, मनोऱ्याच्या दिशेने, वीतभर इकडेतिकडे सरकवून पाहावा.

खोलीतल्या खिडकीपेक्षा इमारतीची गच्ची अर्थातच चांगली. तेथे एक अँटेना बसवून त्याची तार कॉमन रूममधल्या टीव्हीपर्यंत आणायला फार मोठे काम करावे लागत नाही, मात्र ते एकट्यादुकट्या विद्यार्थ्याने परस्पर करू नये. वसतिगृहाच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी मिळून रेक्टरांकडे लेखी मागणी करावी, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या खोलीतला आवाज किती वाजता बंद होईल, हेही त्याच अर्जात लिहून द्यावे.